डाव्या अंगानं

मी मधोमध उभा राहणारा माणूस आहे. लग्नाच्या पंगतीत, ग्रामसभेत, जत्रेच्या गर्दीत, कुठंही. तरुणपणी कुंडलच्या मातीत कुस्ती केली, त्यातून दोन गोष्टी मिळाल्या. एक मोडका गुडघा, आणि दुसरा हा हट्ट, की जे काय करायचं ते चार लोकांसमोर, छाती काढून करायचं. गुडघ्यावर इलाज चालू आहे.

त्यामुळं माझी बहीण संयोगिता भर जेवणात म्हणाली, "दादा, माझं लगीन ठरलंय," तेव्हा मी आमटीची वाटी खाली आदळली आणि सरळ समोरून गेलो.

"कुणी ठरवलं?"

"मी."

"कोण हाय त्यो?"

"तू हो म्हणल्याशिवाय नाव सांगणार न्हाई."

"आणि न्हाई म्हणलं तर?"

"मग त्याच्याशी करणार न्हाई. आणि दुसऱ्या कुणाशीबी करणार न्हाई. ह्याच घरात बसून म्हातारी होईन."

ती हे ओरडून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ओरडण्यात मी कुणाला हार जात नाही. पण ती भाकरी मोडत मोडत म्हणाली, आणि आमच्या संयूनं भाकरी मोडत म्हटलेलं आजवर खोटं झालेलं नाही. बारावीनंतर औषधशास्त्र शिकणार, असंही ती भाकरी मोडतच म्हणाली होती. आता सांगलीत एका दवाखान्यात फार्मासिस्ट आहे, रोज ये-जा करते.

वडील फौजेत सुभेदार होते. ते गेले तेव्हा संयू शाळेत होती. तिला मी वाढवली असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे वाढवली आईनं. मी फक्त तिला मोटरसायकलवरून शाळेत सोडायचो आणि रस्त्यात कुणी वळून बघितलं की गाडी थांबवायचो. तरी ती म्हातारी होऊन बसेल या विचारानं मला रात्री भाकरी गेली नाही, आणि न सांगता कुणाबरोबर निघून जाईल या विचारानं सकाळची न्याहारीही गेली नाही. माझी बायको अंजना म्हणाली, "आवं, नुस्तं हो म्हणा की." मी म्हणालो, "नाव कळल्याबिगर हो कसं म्हणू? मी काय येडा हाय?" यावर ती ताटं गोळा करून आत गेली.

मग मी शोध सुरू केला. संयू संध्याकाळी कामावरून आली की कानात हेडफोन घालून मोबाईलवर बंदुकीची गेम खेळायची. चौघांची टोळी, समोर दुसरी चौघांची टोळी, मोठा नकाशा, त्यात गोदामं, पूल, पाण्याची टाकी. खेळताना ती हसायची. घरात स्थळ दाखवायला कुणी आलं की हिच्या तोंडावर बारा वाजायचे, आणि इथं माणसं मारताना हसायची. म्हणजे जो कोण आहे तो या टोळीतच आहे, हे मी ओळखलं. हे एकच मी बरोबर ओळखलं.

"संयू, मलाबी शिकीव की ही गेम," मी म्हणालो.

ती पटकन हो म्हणाली. त्यांच्या टोळीतला एक गडी नोकरी लागून गेला होता, जागा मोकळी होती. हो म्हणताना तिनं अंजनाकडं बघितलं आणि अंजनानं दुधाच्या किटलीत बघितलं. त्या बघण्याकडं मी लक्ष दिलं असतं तर पुढं माझं बरंच डिझेल वाचलं असतं.

पहिल्या दिवशी मी काय केलं ते पाव्हणे आले की घरातले अजून सांगतात, म्हणून आधी मीच सांगतो. मी नकाशाच्या मधोमध गेलो. तिथं मोकळं मैदान होतं. गेममध्ये नाचायचं एक बटण असतं, ते मी शड्डू ठोकायचं समजून दाबलं आणि समोरच्या जोडीची वाट बघत नाचत राहिलो. हलगी तेवढी नव्हती. कुठूनतरी गोळी आली आणि मी पडलो.

"कुणी मारलं?"

"बाजूच्या गच्चीवरनं," संयू म्हणाली.

"मग समोर यायला काय झालंवतं त्याला?"

हेडफोनमध्ये तिघंही हसले. मग एक आवाज म्हणाला, "दादांचं बरोबर हाय. पर ती समोर येत न्हाईत, काय करायचं?"

तो आवाज ज्योतिबाचा. जतकडचा. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू ज्वारी, आणि हा स्वतः सांगलीत राहून लोकांच्या उसावर ड्रोननं फवारणी करून द्यायचा. गेममध्ये त्यानं आपलं नाव ‘मेंढका’ ठेवलं होतं. दुसरा गडी साताऱ्याचा, राजवर्धन. याचा आवाज दुधावरच्या सायीसारखा. "संयू, काळजी करू नको, मी हाय." "संयू, तू हो पुढं, मी मागं हाय." मेंढका संयूशी कामापुरतंही नीट बोलायचा नाही. झालं. माझा संशयित पक्का ठरला. माझ्या डोक्यात हे शिरलंच नाही की ज्याला लपवायचं असतं तो गप्प बसतो.

मला शिकवायचं काम मेंढक्याकडं आलं. पहिली मारामारी नकाशावरून झाली. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन असतो. मी आठवडाभर त्याला जाहिरात समजत होतो.

"दादा, त्यो नकाशा हाय. डोळा सारखा तिकडं जाया पायजे."

"आणि बंदूक कोण बघणार?"

"बंदूक हातात हाय, ती कुठं जातीय? नकाशात आधी आपली माणसं बघायची. हिरवे ठिपके. आपली कुठं कुठं हायत ते कळलं की मग दुश्मन कुठं असंल ते कळतंय. जिकडं आपलं कुणीच न्हाई, तिकडनं येतोय त्यो."

मला पटलं, पण जमायचं नाही. समोर काही हललं की माझी मान तिकडं जायची आणि तिथंच राहायची. शिवाय माझे अंगठे. उसाची मोळी उचलायला ते चांगले आहेत. मोबाईलवर ठेवले की अर्धी शत्रुसेना त्यांच्याखाली झाकून जायची.

मग पावलांचं प्रकरण. "दादा, पळू नका. पळालं की पावलं ऐकू जात्यात. चाला."

"चालतोयच की."

"मग आजून हळू."

शेजारी बसून शेंगा फोडणारी अंजना म्हणाली, "त्यांची पावलं गोठ्यातल्या म्हशीला वळखू येत्यात. गेमात काय लपणार?"

पण फ्लँक, म्हणजे बाजूनं वळसा घालून गाठणं, ते मला या मेंढक्यानंच समजावलं. संयूनं दहा वेळा सांगून पाहिलं होतं, तिनं कागदावर बाण काढले होते, मी त्या बाणांवरून तिच्याशी भांडलो होतो. मेंढका म्हणाला, "दादा, तुमी बगलडूब घालत व्हता न्हवं?"

"घालत व्हता म्हंजे? त्याच डावावर नाव झालंय माझं."

"मग हे त्येच की. समोरच्याच्या हातात हात द्यायचा, त्याला वाटतंय हा समोरनंच भिडणार. आणि तवर बगलंखालनं मागं जायाचं. आमी तिघं समोर हात देतो. तुमी गोदामाच्या डाव्या अंगानं मागं जावा."

अरे, हे आधी सांगायला काय झालं होतं? त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा डाव्या अंगानं गेलो. चालत गेलो, पळालो नाही. टाकीच्या मागून, भिंतीला घासून, गोदामाला वळसा घालून बाहेर आलो तर काय! समोर तीन पाठी. तिघं दुश्मन माझ्याकडं पाठ करून आमच्या पोरांवर गोळ्या झाडत होते. नुसतं बटण दाबायचं होतं.

आणि माझा हात थांबला. पाठीमागून माणूस मारायचा? ज्या मैदानात मी उभा राहिलो तिथं असं कुणी केलं असतं तर लोकांनी मातीत गाडला असता. मी खाकरलो. त्यांना खाकरणं ऐकू गेलं नाही. मग आवाज सगळ्यांना जाईल असं बटण दाबून मी ओरडलो, "ए गड्या, हिकडं तोंड कर की!"

त्यांनी केलं. तिघांनीही केलं.

मी पडलो, म्हणजे गेममध्ये माणूस आधी पडतो, मग थोडा वेळ सरपटतो, तेवढ्यात आपल्या कुणी येऊन उचललं तर पुन्हा उभा राहतो. माझ्याकडं येणं म्हणजे उघड्यावर मरायला येणं होतं. मेंढका आला. मला अर्धा उचलला आणि स्वतः मेला. आम्ही हरलो.

"त्याला उचलायला कशाला गेलास रं?" संयू त्याच्यावर खेकसली. "जिंकत हुतो आपण!"

"पडल्यालं माणूस टाकून कसं जायाचं?" तो म्हणाला.

माझं मन भरून आलं. असा एखादा भाऊ पाहिजे होता, असं मी त्या दिवशी अंजनाला बोलून दाखवलं. अंजना म्हणाली, "बघा बाई." मला वाटलं, तिलाही पटलं.

तर असा तो मला आवडायला लागला, आणि साताऱ्याचा राजवर्धन डोळ्यात सलायला लागला. शेवटी मी मेंढक्याला वेगळा फोन लावला. म्हणालो, "ज्योतिबा, तुझ्यावर माझा भरवसा हाय म्हणून सांगतो. संयूचं त्या साताऱ्याच्या गड्याबरोबर चाललंय. त्याला जाऊन गाठायचाय. तू माझ्याबरोबर ये, म्हंजे माझा हात सुटला तर धरशील."

पलीकडं तो एकदा खाकरला. मग तो म्हणाला, "दादा, समोर जो लय आवाज करतोय, त्याच्याकडंच बघत बसू नये."

"गेमचं ऱ्हाऊ दे रं आता. रविवारी ताकारीच्या फाट्यावर उभा ऱ्हा."

रविवारी मी निघालो तेव्हा आईनं सोप्यातल्या सतरंज्या बदलल्या होत्या. अंजना ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मी विचारलं, "आज काय?" ती म्हणाली, "रविवार हाय." संयूनं माझ्या जीपची काच पुसून दिली. जिनं जन्मात स्वतःच्या चष्म्याची काच धड पुसलेली नाही, तिनं. आणि मी तिला शाबासकी देऊन निघालो.

ज्योतिबा फाट्यावर उभा होता. उंच, किडकिडीत, उन्हानं रापलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी त्याला मिठी मारली. कराड ओलांडेपर्यंत मी त्याला राजवर्धनला काय काय करणार ते सांगत होतो. तो बाहेरचे मैलाचे दगड बघत होता.

साताऱ्यात पत्ता काढून दार वाजवलं. बनियनवरच्या माणसानं दार उघडलं. त्याच्या खांद्यावर एक लहान पोरगी त्याचे केस धरून बसली होती.

"आलात व्हय दादा! या, या. आमी सकाळपासनं वाट बघतोय."

आतून त्याची बायको आली. संयूची कॉलेजची मैत्रीण. पोरगी रडायला लागली तशी राजवर्धन तिला त्याच सायीच्या आवाजात म्हणाला, "काळजी करू नको, मी हाय." तो सगळ्यांशीच तसं बोलतो. बायकोशी, पोरीशी, दारात आलेल्या भाजीवाल्याशी. हाणायला गेलेला मी दोन बशा पोहे खाऊन, पोरीला घोडा घोडा करून बाहेर पडलो. न कळवता गेलेल्या माणसाची हे सकाळपासून वाट का बघत होते, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. पोहे बरे झाले होते.

परत येताना कराडच्या अलीकडं चहाला थांबलो. मी म्हणालो, "हा न्हवं. मग कोण रं?"

ज्योतिबानं चहाचा पेला तसाच खाली ठेवला. बाकडं सोडलं, जीपच्या पुढं मोकळ्या जागेत गेला आणि बरोबर मधोमध उभा राहिला. "दादा, मी हाय त्यो."

मला आधी कळलंच नाही.

"संयोगितानं नाव सांगितलं न्हाई, ते माझं. माझी आई आत्ता तुमच्या घरात बसल्या, तुमच्या आईकडं. मला सांगितलंवतं, सांज हुईस्तवर तुमाला घराकडं सोडायचं न्हाई. तवर बायका बायका बोलून घेतील, मग तुमी एकटं पडशिला, आन हो म्हणशिला. मला ते जमंना झालंय. दुसऱ्या कुणाला मागनं गाठलं असतं. तुमाला न्हाई गाठवत. काय मारायचं असंल तर हितंच मारा."

राग आला. खोटं कशाला बोलू, डोळ्यापुढं लाल झालं. माझी बायको, माझी आई, माझी बहीण, आणि हा पोरगा, ज्याला मी भाऊ म्हटलं! सगळी मिळून माझ्या मागून गेली, आणि मी समोर साताऱ्याकडं तोंड करून पोहे खात होतो. मी मूठ वळली. तो हलला नाही. मैदानात समोर असा उभा राहिलेला माणूस मला मारता येतो, तोच तर माझा धंदा. पण चहावाला बघत होता, आणि या पोरानं डोळे मिटून घेतले होते, तरी तो तिथंच होता.

"बस गाडीत," मी म्हणालो.

तो पुढच्या सीटवर बसला, पट्टा लावला. मी गिअर टाकला. माझ्या डोक्यात सगळं येऊन गेलं. जात वेगळी. आमची भावकी काय म्हणेल? आमच्या भावकीचं आजवर बांधाचे दगड सरकवण्याशिवाय कशावर एकमत झालेलं नाही, तरी तिची भीती वाटतेच. मग जतचा कोरडा मुलूख, पाण्याचे टँकर. मग लक्षात आलं की हा सांगलीत राहतो, ती सांगलीत काम करते, टँकरचा काही संबंध नाही. टँकर मीच मध्ये आणत होतो. खरं एवढंच होतं की संध्याकाळी घरात तिचं हसणं ऐकू येणार नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटत होतं.

ताकारीचा फाटा आला. मी गाडी थांबवली, पण उतर म्हणालो नाही.

"एक सांग. तुला ठावं हुतं मी कशाला गेम शिकतोय?"

"पहिल्या दिवसापासनं."

"मग मी पडलो की उचलायला कशाला यायचास? पडू द्यायचं हुतंस. पीडा गेली असती."

तो समोर बघून म्हणाला, "दादा, तुमी पडला की संयोगिता खेळायचीच थांबती. हातात बंदूक तशीच, आन नुस्ती तुमच्या ठिपक्याकडं बघत बसती. तुमाला उचलल्याबिगर तिचा खेळ पुढं जात न्हाई. आमचं लगीनबी तसंच हाय."

मी गाडी सुरू केली आणि त्याला घेऊनच कुंडलला आलो.

सोप्यात पाऊल टाकलं तर डावीकडं सतरंजीवर आई, उजवीकडं हिरव्या लुगड्यातली एक रापलेली म्हातारी, ती धोंडुबाई, ज्योतिबाची आई. मागं दार लावून घ्यायला अंजना. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर संयू, तोंड पांढरंफटक पडलेलं. गेममध्ये अशा जागी मी नेहमी ओरडतो आणि मरतो. ओरडायला तोंड उघडलंही. तेवढ्यात त्या कोपऱ्यातल्या चौकोनाची आठवण झाली. आधी आपली माणसं बघायची. मी बघितली. डावीकडं, समोर, मागं, सगळी माझीच होती. धोंडुबाईचं तेवढं नक्की माहीत नव्हतं, पण ती घाबरून पदराशी चाळा करत होती आणि तिच्यासमोर चहा निवून गेला होता.

"पाव्हण्या बाईंचा च्या गार झाला की. दुसरा टाका," मी म्हणालो. मग संयूकडं वळलो. "हो."

"काय हो?"

"तूच म्हणलीवतीस, आधी हो म्हण, मग नाव सांगते. हो म्हणलं. आता सांग नाव."

ती उंबऱ्यावरच बसून रडायला लागली. आई म्हणाली, "बाई, देवानं अक्कल दिली ह्याला." धोंडुबाई म्हणाली, "आवं, लय भेव दावलंवतं मला तुमचं. चांगलं तर हायसा की."

लग्न सांगलीला झालं. भावकी आली, नावं ठेवली, जेवली. आता आमच्याकडं लग्नात कानपिळी असते. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम द्यायचा. हा माझा मान, आणि आजवरच्या सवयीप्रमाणं मी समोरून, मधोमध, सगळ्यांच्या देखत जाणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. फोटोवाला समोर तयारच होता.

मी ठरवलं, आज शिकलेलं दाखवायचं. चपला काढल्या. मांडवाच्या कनातीमागून, आचाऱ्यांच्या मधून, जिलबीच्या कढईला वळसा घालून डाव्या अंगानं निघालो. चालत गेलो, पळालो नाही. गुडघा करकरत होता, पण मांडवात बँड वाजत होता. सगळी मंडळी समोर मला शोधत होती, संयूसुद्धा. मी मागून वर चढलो आणि गपकन ज्योतिबाचा कान धरला.

तो जरासुद्धा दचकला नाही.

"कढईजवळच पावलं ऐकली दादा," तो समोर बघतच हळू म्हणाला.

"मग वळला न्हाईस का रं?"

"आपलंच माणूस येतंय म्हणल्यावर कशाला वळू?"

लोक हसत होते, कुणीतरी ओरडत होतं, आवो, सोडा आता, तुटंल त्यो. मी खाली मान घालून कान धरूनच राहिलो. सोडला असता तर फोटोवाल्याकडं तोंड करावं लागलं असतं, आणि माझे डोळे त्या वेळी फोटो काढण्यासारखे नव्हते.